कुंदा

आमच्या वावरात कुंदा आहे ही गोष्ट माझे वडील पाहुण्यांपासून लपवून ठेवत. सोयरीक जुळवायला माणसं आली की ते त्यांना नदीकडच्या अंगानं वावर दाखवत, उगवतीच्या धुऱ्याकडं फिरकू देत नसत. वऱ्हाडात कुंदा असलेलं वावर म्हणजे कर्ज असलेलं घर. बाबा म्हणत, "कुंदा अन् सावकार, दोघंबी मुयासकट जात नाईत."

ज्यांनी कुंदा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे काळ्या, भारी जमिनीतलं गवत. वर पाहाल तर हिरवं, साधंच. खरा कारभार खाली, जमिनीत. मुळ्यांचं जाळं कमरेएवढं खोल जातं. वखर त्याला हात लावू शकत नाही, नांगर वरवर खरचटतो. उन्हाळ्यात कुंदा खणणारी माणसं टोळीनं यायची. कुदळीनं, सबलीनं खड्डे घ्यायची, डोक्याएवढी ढेकळं उलथी करून ठेवायची, म्हणजे वैशाखाच्या उन्हात मुळ्या वाळाव्यात. इतकं करून बोटभर कांडी खाली राहिली की मृगाच्या पावसाला तिथं हिरवं पातं हजर.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेपासून कोसभर. हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी मचूळ, माती चिकण आणि खोल. अशा मातीत कुंद्याला घर सापडलं होतं.

आमच्याकडं तीस वर्षं एक सालदार होता. आम्ही पोरं त्याला आजाच म्हणायचो. तोही कुंदा खणायचा, पण धुऱ्यावरच्या कुंद्याला हात लावू द्यायचा नाही. बाबांशी त्याचा दरसाल वाद. तो म्हणे, "मालक, वावरातला कुंदा आपला वैरी. धुऱ्यावरचा बैलाचा सोयरा हाये." १९७२ साली पावसानं दगा दिला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली, कडबा कुठून येणार? त्या वर्षी धुऱ्यावरचा कुंदा कापून आजानं बैलजोडी जगवली. बाबांनी त्यानंतर धुऱ्याचा विषय काढला नाही. पाहुण्यांना मात्र शेवटपर्यंत नदीकडूनच नेलं.

हे सगळं आठवायचं कारण दोन वर्षांपूर्वी घडलं. मी अकोल्याला मास्तरकी करून गावी परतलो होतो. शेती मुलगा पाहतो. एका सकाळी तो फवाऱ्याचा पंप पाठीला लावून निघाला. म्हणाला, "बाबा, या साली धुराबी मारून टाकतो. दोन तास वाढतीन."

मी म्हटलं, "धुऱ्यावरचा राहू दे. बैलाचा सोयरा आहे तो."

"बैल कुठी हायेत आता? ट्रॅक्टर गवत खाते काय?"

मला उत्तर सुचलं नाही. त्याचं म्हणणं खरं होतं. गोठा रिकामा होऊन नऊ वर्षं झालेली. मी एवढंच म्हटलं की आठ दिवस थांब. तो थांबला, बापाचा मान म्हणून. त्या आठ दिवसांत माझ्या डोक्यात जे चाललं ते इथं मांडतो आहे.

मी पहिल्यांदा विचार केला तो वयाचा. हे गवत इथं कधीपासून आहे?

आपल्या पायाखालचा काळा फत्तर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारताचा तुकडा विषुववृत्ताच्या खाली, दक्षिण गोलार्धात होता. जमीन भेगाळून लाव्हा बाहेर आला, थरावर थर चढले. उत्तरेला गाविलगडाचा डोंगर उभा आहे तो त्याच थरांचा. चिखलदऱ्याच्या कड्यावर उभं राहिलं की ते थर पायऱ्यांसारखे दिसतात. हा फत्तर ऊन-पावसानं झिजला, कुजला, आणि त्याची काळी माती झाली. ती पूर्णेच्या खोलगट खोऱ्यात साचत गेली.

आणि गवत? आपल्याच विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा भागात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या लाव्ह्याआधीच्या गाळात डायनोसॉरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गोळे तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या पात्यांतले वाळूसारखे सूक्ष्म कण मिळाले. गवताचं पातं बोटाला कापतं ते याच कणांमुळं. पातं कुजतं, कण राहतात. हे २००५ साली प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजलं. कारण तोवर समज असा होता की डायनोसॉर गेल्यावर पुष्कळ काळानं गवतं पसरली. पिसदुऱ्याच्या शेणानं सांगितलं की त्यांच्या पोटात निदान पाच प्रकारची गवतं गेली होती.

तेव्हाचं गवत मात्र कोपऱ्यातलं होतं. रान होतं झाडांचं. गवताला राज्य मिळालं ते फार पुढं. हिमालय उंचावला, पावसाळ्याची रीत बदलली, चार महिने धो-धो आणि आठ महिने कोरडं असं चक्र पक्कं होत गेलं. त्याआधीच हवेतला कार्बन वायूही पुष्कळ कमी झाला होता. काही गवतांनी यावर तोड काढली होती. पात्याच्या आत कार्बन साठवून वापरायची एक जादा सोय, जेणेकरून पात्याची छिद्रं फार उघडी ठेवावी लागू नयेत आणि पाणी वाचावं. ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी या काटकसरी गवतांनी झाडोऱ्याची जागा घेतल्याचं जुन्या मातीच्या तपासणीत दिसतं.

कुंदा त्या काटकसरी गोतातला. कुसळी, मारवेल, मेळघाटातलं सुगंधी रोशा गवत, सगळे एकाच गोताचे. आणि याच गोतात ज्वारी, मका आणि ऊस! म्हणजे माझे वडील ज्या ज्वारीला हात जोडत आणि ज्या कुंद्याला शिव्या देत, ते एकमेकांचे भाऊबंद. पाऊस ओढ धरतो तेव्हा ज्वारी पानं मिटून तग धरते, ते घराण्याचं देणं आहे.

काळ्या मातीनंही या गवतांना घडवलं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेगा अशा पडतात की हात कोपरापर्यंत जावा. कोवळ्या झाडाची मुळं त्या ओढाताणीत तटातट तुटतात. कुंद्याचं काही बिघडत नाही. त्याची एक कांडी तुटली तर दोन कुंदे होतात. आम्ही कुदळीनं जे करत होतो ते माती लाखो वर्षं करत आली होती, आणि त्या परीक्षेत हे गवत केव्हाच पास झालेलं होतं.

इथवर आल्यावर मला वाटलं, सापडलं उत्तर. जे आपल्या आधीपासून इथं आहे त्याला मारायचा आपल्याला काय अधिकार? मोठ्या हुशारीनं मी ही गोष्ट वावरात बोललो. निंदायला आलेल्या बाया न्याहारीला बसल्या होत्या. त्यांतली एक, जिनं माझ्या आईच्या काळापासून आमच्या वावरात निंदण केलं आहे, भाकरीचा घास हातात धरून म्हणाली, "गुर्जी, गवत लाखो वर्षांचं असन. माही कंबर पन्नास वर्षांची हाये. तिचं कोन पाह्यते?"

बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही.

तिचं बरोबर होतं. जुनेपणा हा काही हक्क होत नाही. जुनं आहे म्हणून पूजायचं तर पूर्णेचं खारं पाणीही जुनंच आहे. गवताच्या वयाचं कौतुक तो माणूस सहज करतो, ज्याला ते वाकून उपटावं लागत नाही. निंदण हे बायांच्या पाठीवर उभं असलेलं काम. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं तणनाशक सोसणाऱ्या कपाशीचं बंदी असलेलं बियाणं उघड पेरलं, तेव्हा निंदणाचा खर्च आणि मजुरांची टंचाई हेच गाऱ्हाणं पुढं होतं. कायदा मोडणं बरोबर की चूक यावर दोन मतं असतील, गाऱ्हाणं खोटं नव्हतं.

मी तिला विचारलं, "मग फवारा बरा ना तुमच्यासाठी?"

ती म्हणाली, "कंबर म्हनते बरा. पोट म्हनते, फवारा आला का रोज गेला."

म्हणजे तिच्याजवळही सरळ उत्तर नव्हतं. मात्र तिचा प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा खरा होता.

मग मी दुसऱ्या बाजूनं विचार केला. वयाचं सोडू. तण म्हणजे काय? "तण खाई धन" असं आपण म्हणतो. पण गवताच्या अंगात तणपण कुठं असतं? बैल होते तोवर धुऱ्यावरचा कुंदा चारा होता. बैल गेले, त्या दिवसापासून तो तण झाला. गवत तेच, जागा तीच. आमची गरज संपली म्हणून तो गुन्हेगार ठरला. गावाच्या ई-क्लास जमिनीचंही असंच झालं. गुरं कमी झाली, तशी ती 'पडीक' म्हणवली जाऊ लागली. मग कुणी वखर घातला, कुणी मुरूम नेला. त्या गवतात तणमोर अंडी घालायचा. अकोला-वाशीमकडं तो अजून पावसाळ्यात दिसतो, दुर्मीळ झालेला. पक्ष्याच्या नावातच 'तण' आहे. तण गेलं तर नुसता मोर राहील असं थोडंच आहे?

यातून मला एवढं कळलं की वावरातला कुंदा काढणं हा अन्याय नाही. ज्वारी-कपाशी पिकवायची तर कुणाला तरी जागा सोडावी लागणार. बाबा कुंद्याशी चाळीस वर्षं लढले, पण ती लढाई समोरासमोरची होती. कुदळीची एक हद्द होती आणि ती हद्द धुऱ्याशी थांबत होती. माझ्या मुलाच्या हातातल्या पंपाला हद्द नाही. म्हणून ती आपल्याला घालावी लागते. अधिकाराचा प्रश्न मला तिथं दिसतो. ज्याचा हात पोचतो त्यानं कुठं थांबायचं?

मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "भावनेनं शेती होत नाई बाबा." मग मी त्याला हिशेबाची गोष्ट सांगितली. धानाच्या बांधीतलं एक रानगवत आहे. बाया निंदताना धानासारखं दिसणारं तेवढं चुकून राहायचं. राहिलेल्याचं बी पडायचं. पिढ्यान् पिढ्या असं होऊन ते गवत रोपपणी धानासारखंच दिसू लागलं. निंदणाऱ्या हातांनीच त्याला वेषांतर शिकवलं. औषधाचंही तसंच. सगळ्यात खपाच्या तणनाशकाला न मरणारं गवत ऑस्ट्रेलियात १९९६ सालीच नोंदलं गेलं. बदलायला लाखो वर्षं लागतात असं मी वर लिहिलं, ते डोंगर आणि पावसाच्या चालीनं. माणूस मागं लागला की गवत वीस-पंचवीस वर्षांतही बदलतं. आपण त्याला मारत नसतो, निवडत असतो. आणि सरसकट मारलं की उरतं ते सगळ्यात चिवट.

हवेचंही आपण तेच चालवलं आहे. कारखान्यांच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन वायू २८० होता, आता ४२० च्या वर गेला. ज्या टंचाईत या गवतांनी काटकसर शिकली ती टंचाई आपण दोनशे वर्षांत उलटी फिरवली. पाऊसही पूर्वीच्या चालीनं येत नाही. महिनाभर दडी, मग एका रात्रीत वावर धुऊन नेणारा. अशा पावसात धुऱ्याची माती कोण धरून ठेवतं हे मुलानं मागच्या साली स्वतः पाहिलं होतं. शेजारच्या साफ केलेल्या धुऱ्याला ओघळ पडला होता, आमचा जागेवर होता. तिथं तो गप्प झाला.

आठव्या दिवशी तोड निघाली. वावरात जिथं कुंद्याचा पुंजका असेल तिथं तो खणणार किंवा त्यावरच औषध मारणार. उगवतीचा धुरा, तीन हात रुंद, तसाच राहणार. त्या धुऱ्यावरचं गवत निंदणाऱ्या बाईनं बकऱ्यांसाठी फुकट कापून न्यायचं. तिच्या कमरेचा प्रश्न यानं सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण रोजाबरोबर चाऱ्याचा भारा तरी घरी जातो. मुलानं एक अट घातली. "दोन तासांचं नुकसान तुमच्या पेन्शनीतून." मी कबूल केलं. दर दिवाळीला तो हिशेब मागतो आणि मी देतो.

यंदा मृगाचा पाऊस उशिरा आला. दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर गेलो. भेगा अजून पुरत्या मिटल्या नव्हत्या. पडलेल्या कुसळांची शेपटं ओल लागून पीळ उलगडत हळूहळू फिरत होती, बी मातीत रुतवत होती. कुंद्याची बोटभर पाती वर आली होती. बाई विळा घेऊन आधीच आली होती. म्हणाली, "अजून लायना हाये गुर्जी. आठ दिवस जाऊ द्या."

आता पाहुणे आले की मी त्यांना आधी उगवतीच्या धुऱ्यावर नेतो.