आपलं, आमचं, माझं

हैदराबादमध्ये दर शनिवारी दुपारी मी मराठीचा वर्ग घेते. मंडळाच्या भाड्याच्या खोलीत पंधरा-वीस मुलं असतात. बहुतेकांचे पणजोबा मराठवाड्यातून इकडे आलेले. घरात आता मराठीपेक्षा तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीच जास्त. महाराष्ट्रातली पाठ्यपुस्तकं या मुलांना चालत नाहीत, कारण मुलाला मराठी बोलता येतं हे ती गृहीतच धरतात. म्हणून शुक्रवारी रात्री अनुवादाचं काम बाजूला सारून मी स्वतःच वर्कशीट लिहू लागले. शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स आणायची आणि दुपारी वाटायची. सहा वर्षांत अशी 64 वर्कशीट झाली.

ती छापून विकावीत असं एका मैत्रिणीनं सुचवलं. छापखान्यात चौकशी केली. 96 पानं, 150 प्रती, प्रतीमागे साधारण 95 रुपये खर्च. 200 रुपये किंमत ठेवली आणि सगळ्या प्रती खपल्या तर पंधरा हजारांच्या आसपास उरतील. अनुवादाचं मानधन कधी येईल याचा भरवसा नसतो आणि आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत आणलेलं, त्यामुळे ही रक्कम मला लहान नव्हती. तरीही मी सहा महिने ते काम हातात घेतलं नाही. ही पुस्तिका नेमकी कोणाची, हेच ठरत नव्हतं.

आधी कायदा पाहिला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार नोकरदारानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, त्याला नोकरीवर ठेवणारा असतो. पगारी शिक्षकानं वर्कशीट विकायला काढण्यापूर्वी आपलं नेमणूकपत्र काढून वाचावं, ते यासाठी. मी मंडळाची नोकर नाही, मानधनावर येते. त्यामुळे तो अडसर नव्हता.

दुसरा होता. त्याच कायद्याचं कलम 52 शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना मोकळीक देतं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी केलेला दावा 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी फेटाळला, तो याच आधारावर. अपील झालं, पण 2017 मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. मात्र हे छत्र वर्गापुरतं आहे. वर्कशीट वर्गाबाहेर विकायला ठेवलं की त्या छत्राचा भरवसा धरता येत नाही. मी 64 कागद जमिनीवर पसरले. 19 कागदांवर दुसऱ्याचं काहीतरी होतं : मुलांच्या मासिकातून कापलेलं चित्र, कोणाचं तरी कोडं, कुसुमाग्रजांच्या ओळी. बालकवी 1918 मध्ये गेले, त्यांच्या कविता आता सर्वांच्या आहेत. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, म्हणजे 2059 संपेपर्यंत हक्क त्यांच्या वारसांचा. ते 19 कागद बाजूला ठेवताना वाईट वाटलं, पण निर्णय सोपा होता. मी अनुवादक आहे. बंगालीतली कथा मराठीत आणण्यापूर्वी परवानगीचं पत्र लिहिणं माझ्या अंगवळणी पडलेलं आहे.

खरा प्रश्न उरलेल्या 45 कागदांचा होता.

त्यातला एक सांगते. एका मुलानं लिहिलं होतं, ‘आई आलं’. मी लाल पेन उचललं आणि थांबले. त्याच्या घरची भाषा तेलुगू. तेलुगूत ‘अम्म वच्चिंदि’ आणि ‘कुक्क वच्चिंदि’, म्हणजे आई आणि कुत्रं यांना क्रियापद एकच लागतं. मराठीत कुत्रं आलं हे त्याला पाठ होतं. त्यावरून आईसुद्धा ‘आलं’. चूक होती, पण तिच्यामागे पूर्ण विचार होता. त्या चुकीतून मी ‘ती की ते?’ हे वर्कशीट केलं. माझ्या सगळ्या कागदांत ते सर्वांत चांगलं आहे. ते मी लिहिलं, यात शंका नाही. पण त्या मुलाशिवाय मला ते सुचलं नसतं, यातही नाही.

मुलाच्या चुकीवर कॉपीराइट नसतो. कायद्याला इथे काही म्हणायचं नाही. पण अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर छापत नाहीत, अशी तक्रार मी वीस वर्षं करत आले आहे. आता नाव गाळायची पाळी माझ्यावर आली होती.

याच सुमारास मंडळाचे एक ज्येष्ठ म्हणाले, “ताई, हे तर विद्यादान. दानाचे कसले पैसे?” मला राग आला. खोलीच्या मालकाला भाडं मिळतं, चहावाल्याला पैसे मिळतात. फक्त शिकवणारीनं दान करायचं, आणि शिकवणारी बाई असली तर हमखासच. ‘विद्यादान’ हा मोठा शब्द आहे, पण बऱ्याचदा तो शिक्षकाचा हिशेब टाळायला वापरला जातो. आचार्य अत्रे शाळेचे मुख्याध्यापक होते आणि त्यांची नवयुग वाचनमाला विकतच मिळायची. त्यानं शिकवणं हलकं झालं असं कोणी म्हणत नाही. मेहनतीचे पैसे घेण्यात मला आजही काही गैर वाटत नाही.

गैर काय, ते एका शुक्रवारी कळलं, आणि ते माझ्याच हातून घडलं. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांवर एक वर्कशीट लिहिलं होतं. छान जमलं होतं. उद्यासाठी ते पिशवीत ठेवताना मनात आलं : हे आता नको वाटायला, दुसऱ्या भागाला राहू दे. पुस्तिकेचा पहिला भागसुद्धा निघाला नव्हता! दुसऱ्या दिवशी मी मुलांना जुनंच वर्कशीट दिलं.

वर्गात अर्धवट शिकवून उरलेलं शिकवणीत नाहीतर गाईडात देणारे शिक्षक आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांना नावं ठेवत मी मोठी झाले. त्यांची सुरुवातही अशीच झाली असेल, एक कागद पिशवीतून परत काढून ठेवण्यापासून. विकण्यात दोष नव्हता. विकण्यासाठी वर्गापासून राखून ठेवलं, तिथे दोष आला. तोवर मुलांसाठी कागद होते, त्या दिवशी कागदांसाठी मुलं झाली.

आणि कागद कुठला, तर नेमका हा. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतं, ‘आपण’ त्याला आत घेतं. हिंदीत दोन्हींना ‘हम’. तेलुगूत मात्र ‘मेमु’ आणि ‘मनम्’ असा मराठीसारखाच भेद आहे. मराठीतला भेद द्राविडी भाषांच्या शेजारातून आला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. वर्गात तेलुगू घरातली मुलं हे चटकन उचलतात आणि आडनावानं मराठी पण घरी हिंदी बोलणारी अडखळतात. वर्गात जे ‘आपलं’ होतं, ते मी एका रात्रीत ‘माझं’ करून टाकलं होतं.

मग मी स्वतःशी तीन गोष्टी ठरवल्या. पुस्तिकेतलं प्रत्येक पान वर्गात पूर्वीसारखंच झेरॉक्स करून फुकट मिळेल. वर्गातल्या कुठल्याही मुलाला पुस्तिका घ्यायला सांगायचं नाही, सुचवायचंही नाही. आणि नवं वर्कशीट आधी वर्गात जाईल, मग छापखान्यात. यानं प्रती कमी खपतील, हे मला माहीत आहे. वर्गातले पालक हेच माझे पहिले गिऱ्हाईक होते.

‘आई आलं’ लिहिणारा मुलगा आता नववीत आहे. त्याला आणि त्याच्या आईला विचारलं, नाव न घालता ही चूक छापू का? आई हसली. तो म्हणाला, “छापा ना ताई. पण नंतर बरोबर पण मीच लिहिलं होतं, ते पण छापा.”

मला हे सुचलं नव्हतं. मी त्याची चूक जपून ठेवली होती, दुरुस्ती विसरले होते. आता त्या पानावर दोन्ही वाक्यं आहेत. हक्काच्या ओळीत माझं नाव आहे, कारण कायद्याला एक नाव लागतं आणि पैसे मी घेणार आहे. तिच्या खाली लिहिलं आहे की ही पानं शनिवारच्या वर्गातल्या मुलांच्या चुकांतून आणि उत्तरांतून तयार झाली. एवढ्यानं फिटलं असं मी म्हणत नाही.

राखून ठेवलेलं ते वर्कशीट पुढच्या शनिवारी वाटलं, एक आठवडा उशिरा. मुलांनी दहा मिनिटांत सोडवलं आणि त्यात दोन चुका काढल्या. दोन्ही माझ्या होत्या.