धोतऱ्याचं फळ

श्रावणी सोमवारी मी महादेवाला धोतऱ्याचं फळ वाहतो. त्याच दिवसांत आमच्या सेलूच्या काळ्या रानात पऱ्हाटीवर फवारणी सुरू होते. विषाला आम्ही औषधच म्हणतो. ‘औषध मारलं’ आणि ‘औषध पिला’, दोन्हींत शब्द एकच.

सालगड्याचा पोरगा, वय 17. एका भादव्यात पऱ्हाटी त्याच्या छातीला लागलेली आणि वारा समोरून. अंगात बनियन, तोंडाला माझंच जुनं उपरणं. पैसे पंपामागे, म्हणून तो थांबेना. दुपारी बांधावर बसला तेव्हा तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. दंडाचं मांस कातड्याखाली आपोआप उडत होतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. नसेचा निरोप स्नायूला पोचला की तो पुसणारं एक द्रव्य शरीरात असतं. हे औषध त्यालाच जखडतं. मग निरोप पुसलाच जात नाही, स्नायू थरथरत राहतो आणि शेवटी श्वासाचेही स्नायू थकतात. उतारा ॲट्रोपिनचा. ते धोतऱ्यातही असतं म्हणे. (धोतरा स्वतः विषारी, घरी कोणी प्रयोग करू नये.)

पोरगा वाचला. पुढं कीर्तनात बुवा प्रारब्धावर बोलले: सुटलेला बाण, तो परत फिरत नाही. मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचाच संशय आला. बाण सुटला खरा, पण कोणाच्या धनुष्यातून? डब्यावरचा जहाल विषाचा लाल त्रिकोण मी पाहिला होता. 2017 साली यवतमाळला फवारणीत विसावर माणसं गेली, ते मी पेपरात वाचलं होतं. पोराचं प्रारब्ध म्हणताना माझं क्रियमाण, माझी आताची करणी, मी त्याच्या खात्यावर मांडत होतो. महादेवानं हलाहल स्वतःच्या गळ्यात धरलं. नंदीला पाजलं नाही.

दोन-तीन आठवड्यांनी पोराच्या पायाला मुंग्या सुरू झाल्या. आता चालताना चप्पल निसटते आणि त्याला कळत नाही. “मालक, चप्पल कुठं पडली?” विचारतो, हसतो.

औंदा पंप मीच पाठीवर घेतला. पाचव्या पंपाला कंबर धरली. उरलेलं रान गुत्त्यानं दिलं. फवारायला आलेल्यांत दोघांना मिसरूडही फुटलेलं नव्हतं. मी त्यांना वय विचारलं नाही.