ड्रोन मे महिन्यात उडव

सोनू,

पुराच्या पाण्यावर नजर ठेवण्याचा तुझा आराखडा दोनदा वाचला. पहिल्या पानावर ड्रोन, शेवटच्या पानावर सेन्सर. ही पानं उलटी लाव, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकीचं पत्र म्हणजे त्याची कारणं.

तू लिहिलंयस की पाऊस कोसळायला लागला की ड्रोन उडवायचा आणि सनसिटी-गास रस्त्यापासून चुळण्यापर्यंत कुठे किती पाणी चढलंय ते वरून बघायचं. पण वसईत पाणी भरतं तेव्हा आभाळ कसं असतं ते तुला मी सांगायला हवं का? धो धो पाऊस आणि समुद्रावरून येणारा बेभरवशाचा वारा. तुझ्या बजेटात बसणारे ड्रोन अशा पावसात उडवायचे नसतातच. म्हणजे ज्या दिवसासाठी सगळा खटाटोप, नेमका त्याच दिवशी तो पेटीत. आपल्याच जिल्ह्यात डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावाला ड्रोनने कोविड लशीचे ३०० डोस नेले, वीसेक किलोमीटर अंतर नऊ-दहा मिनिटांत. काम कौतुकाचंच झालं, पण महिना डिसेंबर होता.

पावसात काम करायचं ते सेन्सरने. तोही कुठेही टांगून चालणार नाही. आपल्याकडे पाणी नुसत्या पावसाने तुंबत नाही. पाऊस आणि भरती यांची गाठ पडली की तुंबतं. खाडी चढली की उघाडीची, म्हणजे नाल्याच्या तोंडावरच्या दाराची, झडप बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटते आणि आतलं पाणी आतच राहतं. म्हणून सेन्सर जोडीने लाव, एक खाडीच्या अंगाला, दुसरा गावाच्या अंगाला. एकट्या आकड्याला फार अर्थ नाही. दोन्हींतला फरक बघ: आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा वर असेल तर निचरा व्हायला हवा, आणि तरीही होत नसेल तर झडपेत किंवा मोरीत काहीतरी अडकलंय. हे कळलं की माणूस कुठे पाठवायचा ते कळतं. भरतीचं वेळापत्रक फोनवर मिळतं, तरी पाचूबंदरच्या एखाद्या जुन्या नाखव्याला विचार. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, आणि पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे दुबळी भरती. तुझ्या आलेखावर आधी तिथी टाक, मग तारीख.

अल्ट्रासॉनिक सेन्सर स्वस्त आहे, पण त्याच्या खोडी माहीत असू देत. तो आवाज सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. आवाजाचा वेग तापमानानुसार बदलतो. दुपार आणि पहाट यांत दहा अंशांचा फरक पडला तर तीन मीटर अंतरात पाचेक सेंटिमीटरची चूक होते. म्हणून शेजारी तापमानाचा सेन्सर हवाच. दुसरी खोडी जलपर्णीची. नाल्यावर तिचा गालिचा असेल तर सेन्सर तिलाच पाणी समजतो. तिसरी कोळ्याची. सेन्सरच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं की आकडे भलतेच येतात. त्यावर कुंचला हाच उपाय, आणि तो फिरवायला कुणीतरी पंधरवड्याने जायला हवं. तो कुणीतरी कोण, ते आराखड्यात नावानिशी लिही. आणि प्रत्येक मोरीवर रंगवलेली साधी मोजपट्टीही असू दे. मी पाटबंधारे खात्यात पट्ट्या वाचण्यात आयुष्य घालवलं म्हणून सांगत नाही. सेन्सर खोटं बोलतोय का हे पडताळायला दुसरं साधन नाही.

प्रत्येक सेन्सरला सिमकार्ड घालायचं तुझं चाललंय, ते नको. जुलै २०१८ मध्ये वसईत पूर आला तेव्हा तू शाळेत होतीस. मिठागरात माणसं अडकली, नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले आणि वीज कित्येक ठिकाणी दिवसभराहून अधिक काळ आली नाही. टॉवरच्या बॅटऱ्या काही तास टिकतात, पुढे फोनही मुका. त्यापेक्षा लोरा हा दूरवर निरोप पाठवणारा रेडिओ घे. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना आहे. निरोप चिमुकले जातात, पण पाण्याची पातळी म्हणजे एक आकडाच तर आहे. हे निरोप गोळा करणारा गेटवे उंच इमारतीच्या गच्चीवर, स्वतःच्या सौरपाट्यावर आणि बॅटरीवर ठेव. आणि प्रत्येक सेन्सरला आपली नोंद स्वतःपाशीही साठवू दे. पाऊस थांबला, वारा पडला, पण नेटवर्क अजून मेलेलंच आहे, अशा वेळी तुझा ड्रोन पोस्टमनसारखा खांबाखांबावरून फिरून त्या नोंदी गोळा करून आणेल. ड्रोन आणि सेन्सर यांची खरी जोडी इथे जमते.

पण ड्रोनचं मोठं काम मे महिन्यातलं. आपला पट्टा सपाट. नाल्याचा उतार सेंटिमीटरांत मोजावा लागतो, आणि उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या नकाशात उंचीची चूक काही मीटरांची असते. गवत वाळलेलं, नाले कोरडे, अशा दिवसांत एका फोटोचा सत्तर-ऐंशी टक्के भाग पुढच्या फोटोत येईल असे फोटो काढ. जमिनीवर खुणा आखून त्यांची उंची नीट मोजून घे, नाहीतर नकाशा दिसायला देखणा आणि उंचीला खोटा. यंदा कुठे नवा भराव पडला, कुठली मोरी अर्धी बुजली आणि कुठली बावखलं, म्हणजे गावतळी, उरली, ते त्यात दिसेल. २०१८च्या पुरानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटीची समिती नेमली, तिने धारण तलाव सुचवले. मला विचारशील तर आपली बावखलं म्हणजे लहान प्रमाणात तेच काम करणारी. ती बुजवायची आणि मग तलावांसाठी जागा शोधायची, हा उद्योग आपणच करू जाणे.

आता माणसांचं. वाडीवर ड्रोन दिसला की लोक आधी विचारतात, सर्व्हे कुणाचा? जमिनीच्या बाबतीत वसईकर पोळलेला आहे. किनाऱ्यावर तर जानेवारी २०२५पासून मत्स्यव्यवसाय खातं बेकायदा मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवतंय, आपल्या जिल्ह्यात शिरगावहून. तेव्हा उडवण्याआधी गावात बैठक घे, फोटो दाखव, कुणाच्या अंगणाचे फोटो ठेवणार नाहीस ते लिहून दे. २०२१चे ड्रोन नियम वाच: डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर आपला भाग हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघ, चारशे फुटांच्या वर जाऊ नकोस आणि ड्रोन नजरेआड होऊ देऊ नकोस. पोलिसांचे बंदीचे आदेश अधूनमधून निघतात, म्हणून ठाण्यात आधी अर्ज दे.

शेवटचं, आणि तुझ्या आराखड्यात हे मुळीच नाही: रात्री दोन वाजता आकडा धोक्याच्या रेघेवर गेला तर फोन कुणाला जाणार? ॲपवर लाल ठिपका पेटून कुणी जागं होत नाही. उघाडीजवळ राहणारा एक, तळमजल्यावर राहणाऱ्यांपैकी दोघे, महापालिकेच्या आपत्कालीन कक्षातला एक, अशी यादी कर आणि त्यांच्याशी प्रत्यक्ष बोल. ती यादी झाली की मला पाठव. पैशांचं मग बघू.

तुझा,
मामा

ता. क. सेन्सरच्या पेट्यांवर मराठीत ठळक लिही: ‘पाणी मोजण्याचे यंत्र, आत कॅमेरा नाही.’ खाली फोन नंबर. सौरपाटे चोरीला जातात, दोन जास्तीचे धर.