राहता कुठे?



अमेरिकेचे नागरिक झालेल्या मुलाने आईवडिलांचे ग्रीन कार्ड काढले, ही गोष्ट आपल्या हिंजवडी-पिरंगुटकडे आता नवलाची राहिलेली नाही. काही महिने नातवंडांत जातात. मग थंडी आणि एकटेपणा यांना कंटाळून आजी-आजोबा परततात. पुढे दर सहा महिन्यांनी विमान पकडायचे, ते केवळ कार्ड वाचवायला. तिथला अधिकारी विचारतो, राहता कुठे? उत्तर ठरलेले असते, मुलाकडे. हे खोटे बोलणे झाले का?

कॅनडाचा कायदा दिवस मोजतो. पाच वर्षांत ७३० दिवस तिथे काढले की झाले. अमेरिकेचा कायदा मन विचारतो. वर्षाच्या आत परतलात म्हणून कार्ड टिकतेच असे नाही, तुम्ही घर कुठे मानता हे पाहिले जाते. आपल्या ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्यातही (कलम १०२) तसेच आहे. कायम राहण्याच्या हेतूने धर्मग्रामात आलेला माणूस लगेच तिथला होतो, हेतू नसेल तर पूर्ण पाच वर्षे राहून होतो.

‘कायम’ हा शब्द मुळशीकरांनी तसा जपूनच वापरावा. १९२१ साली सत्याग्रहात उतरलेल्या शेतकऱ्यांनाही आपली गावे कायमचीच वाटत होती. ती धरणाखाली गेली.

संत ऑगस्टीनच्या मते मनात एक ठेवून दुसरे भासवू पाहणे म्हणजे खोटे. ज्यांचे खरोखरच ठरलेले नाही, ते ‘अजून ठरले नाही’ असे निर्मळ मनाने सांगू शकतात. ज्यांनी मनात घर इथेच पक्के केले आहे, त्यांचे ‘मुलाकडे’ हे उत्तर मात्र तसे नाही. ‘आपले खरे घर स्वर्गात’ असे म्हणूनही सुटका नाही. अधिकारी तो पत्ता विचारत नाही.

कार्ड परत करणे सोपे आहे असे मी म्हणणार नाही. मग व्हिसा मागावा लागतो, तो नाकारलाही जातो आणि नातीचे पहिले कम्युनियन हुकू शकते. म्हणून आधी मुलांशी मोकळेपणाने बोला. पुष्कळदा मुलाला वाटते कार्ड आईबाबांना हवे आहे आणि आईबाबांना वाटते ते मुलाला हवे आहे. ज्यांना विचार करायला खरोखर वेळ हवा, त्यांच्यासाठी रीएन्ट्री परमिट असते. ते दोन वर्षांपर्यंत चालते. त्याचा अर्ज मात्र अमेरिकेत असतानाच करावा लागतो, इथे परतल्यावर नाही.

तुमचा धर्मगुरू