अब्बांचं दुपारचं ताट

रमजानमध्ये भिवंडीत, मालेगावात, मिरजेच्या गल्ल्यांत पहाटे साडेचारलाच स्वयंपाकघरांत दिवे लागतात. कुठे खजला-फेणी आणि दूध, कुठे रात्रीचं सालन. अशा वेळी घरातला एखादा कूस बदलून म्हणतोच, "मला नको, दोन घोट पाणी पुरे."

रोजेदाराची तब्येत बहुधा इथूनच बिघडू लागते. पहाटेच्या या जेवणात, सहरीत, बरकत आहे, ती चुकवू नये. सूर्य मावळल्यावर रोजा सोडायला उशीर करू नये, ही पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये आहे. डॉक्टर तरी वेगळं काय सांगतात? पहाटे नुसत्या गोडाऐवजी भाकरी, डाळ, अंडं, दही पोटात गेलं तर दुपारपर्यंत आधार राहतो. पहिल्या दोन-तीन दिवसांची डोकेदुखी बऱ्याचदा भुकेची नसते, चहाची असते. रमजानआधीच्या शाबान महिन्यातच कप कमी करत आणले तर ती फारशी जाणवत नाही. इफ्तारला खजूर, पाणी, थोडी फळं इथवर सारं ठीक. मग भजी, समोसे, मालपुवे सुरू होतात आणि महिनाभर रोजे धरलेला माणूस वजन वाढवून ईदगाहवर पोहोचतो.

या सवयी बदलता येतात. अवघड जातं ते आजाऱ्याला 'रोजा धरू नका' म्हणणं. खरं तर कुराणाच्या सूरह बकरामध्ये रोजे फर्ज करणारी 183वी आयत आहे आणि तिला लागूनच 184वी आजारी आणि प्रवासी यांना मोकळीक देते. राहिलेले रोजे नंतर भरून काढावेत, ज्याला ते कधीच झेपणार नाहीत त्यानं दर रोजामागे एका गरजूला जेवू घालावं, म्हणजेच फिदया द्यावा. पुढच्या आयतीत ही मोकळीक पुन्हा सांगितली आहे.

मधुमेही अब्बांच्या कानी मात्र ती पडत नाही. गोळ्या नेहमीच्याच, इन्सुलिन नेहमीचंच, फक्त दुपारचं जेवण बंद! 2001 मध्ये 13 देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत टाइप 2 मधुमेहींमध्ये साखर धोकादायकरीत्या उतरण्याचं प्रमाण रमजानमध्ये सुमारे साडेसात पट आढळलं. म्हणूनच रोजा धरावा की नाही आणि औषध किती, कधी घ्यावं, हे महिना लागण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं असतं. साखर 70च्या खाली गेली किंवा 300च्या वर चढली, तर इफ्तारची वाट न पाहता रोजा सोडायचा. बोटातून थेंबभर रक्त काढल्यानं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा मानतात. तरीही अब्बा बोट पुढे करत नाहीत. आकडा दिसला की तो मानावा लागेल, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

याला श्रद्धेचा हट्ट म्हणावं, तर ते पूर्ण खरं नाही. त्यात चारचौघांची लाज पुष्कळ असते. अब्बा फिदया आनंदानं देतील, पण भर दुपारी, नातवंडं रोजानं असताना, त्यांच्यासमोर जेवायला बसणं त्यांना जमत नाही. मग सून ताट झाकून आतल्या खोलीत नेऊन ठेवते. मोकळीक खुद्द आयतीनं दिली असताना ताट झाकायचं कशाला?