साचा एक, रंग दोन



मागच्या दिवाळीत शाहूपुरीतल्या एका गल्लीत मुलांनी पन्हाळगड उभा केला होता. विटा, माती, वर पोते आणि त्यावर पेरलेले अळीव. सगळे झाले, पण मावळे कमी पडले. मग पोरांनी खेळण्यातल्या हिरव्या प्लॅस्टिकच्या सैनिकांची पाकिटे आणली. ब्लेडने बंदुका कापल्या, हातात झाडूच्या काडीचे भाले दिले, पाठीवर शर्टाच्या बटणाच्या ढाली चिकटवल्या, डोक्यावर एम-सीलच्या पगड्या बसवल्या. एकाचा मोडका हात दुसऱ्याला जोडला. रंगाचीही त्यांना चांगली माहिती होती. आधी साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण प्लॅस्टिकवर तेलकटपणा राहिला तर रंगाचे पोपडे निघतात. मग ॲक्रिलिकचा पातळ हात द्यायचा, तो वाळला की दुसरा. डोळे सगळ्यात शेवटी.

मी कौतुकाने बघत उभा होतो. एकाने विचारले, "फादर, गनिमाला कुठला रंग मारायचा?"

मी सहज म्हणालो, "काळा द्या की, म्हणजे लांबूनच ओळखू येतील."

त्या मुलांत एक चांगलाच काळासावळा मुलगा होता. दुसऱ्याने त्याच्याकडे बघून डोळे मिचकावले. सगळे हसले. तोही हसला. मीही हसलो आणि घरी आलो.

रात्री मात्र ते हसणे आठवत राहिले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक साधा भेद आम्हाला शिकवला होता आणि संत थॉमस अक्वायनस यांनीही तो पुढे वापरला आहे. वस्तू मुळात जे आहे ते एक, आणि तिच्यावर येऊन बसलेले गुण वेगळे. रंग हा असा वरचा गुण आहे. तो बदलला तरी वस्तू तीच राहते. परीक्षेत मी हे व्यवस्थित लिहिले होते. पण त्या संध्याकाळी पोरांच्या हातात एकाच साच्यातून निघालेले सैनिक होते, आणि मी एका शब्दात त्यांतल्या निम्म्यांना वाईट ठरवले. त्यांनी काही केले म्हणून नव्हे, तर त्यांना जो रंग मिळणार होता त्यावरून.

आपल्या कुंभार गल्लीत श्रावणात गेलात, तर एकाच साच्यातल्या मूर्ती ओळीने मांडलेल्या दिसतात. डोळ्यांची आखणी शेवटी होते. भुवईची रेघ जरा खाली ओढली की चेहरा रागीट, जरा वर नेली की शांत. मूर्तीच्या बाबतीत ही कला आहे. माणसांच्या बाबतीत आपण रोज तेच करतो, तेव्हा तो अन्याय होतो. आडनाव ऐकले, दाढी दिसली, गळ्यातला क्रूस दिसला की आपल्या मनातला कुंचला चालू होतो. अल्पसंख्य म्हणून आपल्याला दुसऱ्यांनी लावलेला रंग टोचतो. आपण दुसऱ्यांना लावलेला रंग आठवत नाही.

यावर कोणी म्हणेल, "फादर, मग शत्रू असा कोणी नसतोच काय?" असतो. वेढा खरा होता, मेलेली माणसे खरी होती. चांगले आणि वाईट यांत फरक नाही, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण तो फरक कळायला काय बघावे लागते? त्यासाठी पन्हाळ्याचाच इतिहास बघू या. 1660 मध्ये गडाला वेढा घालून बसला होता आदिलशाहीचा सिद्दी जौहर. आणि तो वेढा बाहेरून फोडायला नेताजी पालकरांबरोबर जो सरदार धावून आला, त्याचे नाव सिद्दी हिलाल. त्या लढाईत त्याचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. सिद्दी या बाजूला आणि सिद्दी त्याही बाजूला. पुढे खुद्द नेताजींना औरंगजेबाच्या कैदेत धर्म बदलावा लागला. मुहम्मद कुली खान या नावाने त्यांनी मुघलांची चाकरी केली आणि 1676 मध्ये ते महाराजांकडे परत आले. महाराजांनी त्यांना परत घेतले. आता किल्ल्यावर नेताजींचे चित्र ठेवायचे, तर त्याला कोणता रंग द्याल?

बाजू माणूस आपल्या कृतीने घेतो, रंग मात्र त्याला दुसरे लावतात. म्हणून न्याय करायचाच असेल, तर आधी विचारावे, याने केले काय? चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला सांगताना प्रभू येशूनेही हेच केले. ऐकणाऱ्यांना शोमरोनी लोक नकोसे होते. प्रभूने त्याला गोरागोमटा करून पुढे आणले नाही, तो शोमरोनी आहे हे लपवले नाही. जखमी माणसासाठी त्याने काय केले, एवढेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत गेलो. त्या मुलाला बाजूला घेऊन म्हणालो, "बाळ, काल माझे चुकले." तो म्हणाला, "जाऊ दे फादर, सवय झालीय." हसण्यापेक्षा हे उत्तर मला जास्त लागले. दहा-बारा वर्षांच्या मुलाला कसली सवय झाली आहे आणि ती लावणाऱ्यांत आपण किती जण आहोत, याचा विचार आपण सर्वांनी करायला हवा.

मग मी पोरांना सिद्दी हिलालची गोष्ट सांगितली. त्यांनी लगेच एक सैनिक घेतला, दुसऱ्याचा तलवारीचा हात त्याला बसवला. रंग कुठला, यावर थोडा वाद झाला. शेवटी सगळ्या मावळ्यांना दिला होता तोच अंगरखा त्यालाही दिला. मग एकजण म्हणाला, "पण आता हा कोण हे लोकांना कळणार कसं?" तेव्हा त्याच सावळ्या मुलाने वहीचा कागद फाडला, त्यावर लिहिले आणि काडीला चिकटवून ती पाटी त्याच्यापुढे रोवली: "सिद्दी हिलाल. आपल्याकडून लढला."

या आठवड्यात ज्याचे नाव ऐकताच तुमच्या मनातला कुंचला उचलला जाईल, त्याच्यासाठी अशी एक पाटी लिहून बघा. त्याने काय केले, एवढेच लिहा. ते माहीत नसेल, तर रंग लावण्याआधी विचारा.

तुमचे फादर