छत्तिसातला एक

नाना गेल्यावर वाटणीत माझ्याकडे स्लाइड्सचे चार डबे आले. धाकट्याकडे फ्लॅट गेला, ते असो. स्टुडिओवाल्याने एका स्लाइडचा जो भाव सांगितला, तो ऐकून मी डब्यांसकट घरी परतलो आणि घरगुती कारखाना काढला. टॅबचा पडदा पांढराशुभ्र करायचा, त्यावर दुधी अॅक्रिलिकचा तुकडा (नाहीतर पडद्याचे ठिपके चित्रात उतरतात), त्यावर स्लाइड आणि वरून मोबाइल. धूळ रबरी फुग्याने उडवायची. तोंडाने फुंकर मारलीत तर थुंकी उडते, अनुभव आहे.

तरी चारशे स्लाइड्स! मग नियम केला : ओळख पटत नाही, तो बाद. सूर्यास्त तर आधीच बाद. सूर्य काय, रोजच मावळतो.

सातवाच गृहस्थ अडला. चौकटीवर नानांच्या अक्षरात नुसतं '१९७४'. टोपी, मिशा, हातात कपबशी, आणि हसणं जन्माच्या मित्राचं. आत्याला दाखवला. "कोण की बाई!" म्हणाली.

झालं! केराच्या टोपलीपर्यंत हात गेला आणि आठवलं, रोलमध्ये चित्रं छत्तीस. नाना तो वर्षभर पुरवीत. आम्हा तिघा भावंडांना कसेबसे दोन-दोन फोटो मिळत. त्यातला एक नानांनी या माणसावर खर्च केला होता. पैसे मोजून त्यांनी निवडलेला माणूस, फुकटात कळ दाबणाऱ्या मी कोणत्या तोंडाने बाद करायचा?

टोपलीतले सूर्यास्तही मुकाट्याने परत काढले. गृहस्थाच्या फाइलला नाव दिलं : 'नानांचे स्नेही'.